रिपोर्ट नॉर्मल, मग बाई खोटी?

‘आंग दुखस’ हे दोन शब्द नंदुरबारकडच्या दवाखान्यांना नवे नाहीत. त्यावरची उत्तरंही ठरलेली. तपासणीत काही निघालं नाही तर ‘मनाचं आहे’. सिकलसेल निघालं तर ‘मग त्याचंच दुखणं’. फायब्रोमायल्जियाचं नाव काढलं तर शिकलेली मंडळी हसतात: तो शहरातल्या बायकांचा आजार, धडगावच्या डोंगरात कसा येईल?

पहिलं उत्तर मुळातच चुकतं. फायब्रोमायल्जिया रक्तात दिसत नाही, एक्स-रेतही नाही. यात मज्जासंस्था वेदना वाढवून सांगते. चांगला रिपोर्ट दुसरे काही आजार नाहीत एवढंच सांगतो, बाई खोटं बोलते असं नाही. मग निदान कसं करायचं? विचारून. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी’च्या 1990 च्या निकषांत अंगावरच्या 18 जागा दाबून पाहायच्या होत्या, त्यातल्या 11 दुखल्या पाहिजेत. 2010 मध्ये दाबणं गेलं. 19 जागांपैकी कुठे कुठे दुखतं हे विचारणं आलं, सोबत थकवा, झोपून उठल्यावरही न जाणारा शीण आणि विसराळूपणा. 2016 च्या सुधारणेनं शरीराच्या पाचपैकी चार भागांत दुखणं आणि त्रास किमान तीन महिन्यांचा, हे पक्कं केलं. दुसरा आजार असला तरी हे निदान बाद होत नाही, हेही तिथंच लिहिलंय.

नंदुरबारला हे शेवटचं वाक्य सर्वांत लागू. लोकवस्तीत दोन तृतीयांशांहून जास्त आदिवासी, आणि भिल्ल-पावरा समाजांत सिकलसेल बऱ्यापैकी आढळतो. 1 जुलै 2023 पासून राष्ट्रीय मोहिमेत तपासण्या वाढल्या, हे चांगलंच झालं. पण सोल्युबिलिटी चाचणी सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीनं कळतं. वाहक बाईला एरवी दुखण्याचे झटके येत नाहीत. तिच्या दोन वर्षांच्या अंगदुखीचं खापर सिकलसेलवर फोडलं की शोध तिथंच संपतो.

उलटी चूक त्याहून जीवघेणी. सिकलसेलच्या रुग्णाला ताप आला, छातीत दुखू लागलं तर तो फायब्रोमायल्जिया नव्हे; लगेच रुग्णालय गाठावं. या निदानाला हसणाऱ्यांचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे: हिमोग्लोबिन, थायरॉइड, ड जीवनसत्त्व पाहिल्याशिवाय हे लेबल लावू नये. उकिडवं बसून उठताना मांड्या साथ देत नसतील तर हाडं मऊ झाली असण्याची शंका आधी घ्यावी.

राहिला ‘शहरी आजार’. ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट शहरात बसतो, म्हणून आजार तिथं दिसतो. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या बाईची अंगदुखी कामाच्या खाती जमा होते, कुणी विचारतच नाही. विचारायला यंत्र लागत नाही, पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि भिलोरी, पावरी, मावची समजणारं माणूस. ‘थकवा’ हा शब्द पुस्तकातला. तिचा शब्द वेगळा असेल. इलाजातही सलाईन किंवा स्टेरॉइडची सुई कामाची नाही. हळूहळू वाढवलेला व्यायाम, झोप आणि गरजेपुरती गोळी, एवढंच.

डॉक्टरसाहेब, पुढची बाटली लावण्याआधी कागदावर माणसाची आकृती काढा, आणि कुठे कुठे दुखतं तिथे तिला बोट ठेवायला सांगा.