शस्त्रक्रिया झाली, शौचालयाचे काय?

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी नगर-पुणे मार्गावर धावली. खेड्यातील माणूस शहराशी जोडला गेला, आणि त्या शहरातील रुग्णालयाशीही. आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यातील कितीतरी रुग्ण मोठ्या उपचारांसाठी याच रस्त्याने पुण्याला जातात. प्रवास सुमारे तीन तासांचा. निरोगी माणसाची तेवढ्यात एक डुलकी होते. परंतु ज्याचे सबंध मोठे आतडे काढून टाकलेले आहे आणि ज्याला दिवसातून सहा-सात वेळा शौचास जावे लागते, त्याला हे तीन तास आदल्या संध्याकाळपासूनच छळू लागतात. रात्री जेवावे की नाही, सकाळी चहा घ्यावा की नाही, सुप्याला उतरता येईल की शिरूरपर्यंत दम धरावा लागेल, हा सारा हिशेब तिकीट काढण्यापूर्वीच मांडावा लागतो.

असे रुग्ण थोडे आहेत हे मान्य. तरीही त्यांच्या प्रश्नाकडे कार्यकर्त्यांनी बारकाईने पाहावे, कारण आपल्या आरोग्यव्यवस्थेचे एक मूलभूत व्यंग त्यांच्या उदाहरणात फार स्वच्छ दिसते.

अल्सरेटिव्ह कोलायटिस या विकारात मोठ्या आतड्याचे अस्तर सुजते, त्यावर व्रण पडतात, आणि रुग्णाला रक्तमिश्रित जुलाब होऊ लागतात. औषधांनी तो आटोक्यात आला नाही, किंवा कर्करोगाची भीती उत्पन्न झाली, तर मोठे आतडे व गुदाशय काढून टाकावे लागतात. पूर्वी अशा रुग्णाला पोटावर केलेल्या छिद्रातून मल बाहेर सोडून, त्यावर पिशवी बांधून जन्म काढावा लागे. १९७८ साली लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील अ‍ॅलन पार्क्स व जॉन निकोल्स या शल्यविशारदांनी लहान आतड्याच्या अखेरच्या भागाचीच घडी घालून आत एक साठवण तयार करण्याची आणि ती गुदद्वाराशी जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. दोनच वर्षांनी जपानच्या उत्सुनोमिया यांनी इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकाराची सोपी घडी सुचविली. तीच आज ‘जे-पाऊच’ या नावाने जगभर रूढ आहे.

ही साठवण गुदाशयाचे काम करते, मोठ्या आतड्याचे करीत नाही. लहान आतड्यातून रोज लिटर-दीड लिटर पातळ द्रव पुढे येतो. त्यातील बहुतेक पाणी व मीठ शोषून घेणे हे मोठ्या आतड्याचे कर्तव्य. ते गेल्यावर मल पातळच राहणार आणि साठवण वारंवार भरणार, यात रुग्णाचा काही दोष नाही. पहिल्या काही आठवड्यांत दहा-पंधरा वेळाही जावे लागते. पुढे वर्षभरात साठवण सैलावते आणि पुष्कळांच्या बाबतीत दिवसा चार ते सात व रात्री एखादी वेळ असे प्रमाण बसते. यातील खरा लाभ संख्येपेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे. आजारात कळ आली की क्षणाचा अवकाश नसे. आता बहुतेकांना काही वेळ थांबता येते. घाई गेली, संख्या उरली. मात्र हे थांबणे कोठेतरी जाऊन संपले पाहिजे, आणि ते ‘कोठेतरी’ शल्यविशारदाच्या हातात नाही.

संख्या कमी करण्याचे उपाय आहेत आणि ते अगदी साधे आहेत. मऊ भात, केळे, उकडलेला बटाटा यांनी मल घट्ट होतो. उसळी, कच्च्या पालेभाज्या, मक्याचे दाणे सुरुवातीला टाळावेत आणि पुढे एकेक करून, चांगले चावून, आजमावावेत. ठेचा आणि तिखट रस्सा यांवर वाढलेल्या नगरी माणसाला हे पथ्य जड जाते, पण त्वचेची आग सोसण्यापेक्षा ते बरे. रात्रीचे जेवण लवकर उरकले की झोप मोडत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने जेवणाच्या अर्धा तास आधी घेतलेली लोपेरामाइडची गोळी आतड्याची गती मंद करते. थोड्या पाण्यात घेतलेले इसबगोल मलाला बांधा देते. दर वेळी पाण्याने धुवावे, मऊ कापडाने टिपून घ्यावे, झिंक ऑक्साइडचे मलम लावावे. नुसते पाणी ढोसण्यापेक्षा मीठ-साखरेचे द्रावण किंवा मीठ घातलेले ताक अधिक उपयोगी, कारण पाण्याबरोबर मीठही जात असते. आणि बसलेले प्रमाण अचानक वाढले, कळा, ताप किंवा रक्त दिसू लागले, तर तो पथ्याचा विषय राहत नाही. साठवणीला सूज येणे ही या शस्त्रक्रियेनंतर वरचेवर आढळणारी तक्रार आहे. तिच्यावर प्रतिजैविकांचा उपचार होतो आणि त्यासाठी डॉक्टरकडेच गेले पाहिजे.

एवढे सारे पाळूनही सहा वेळा जावे लागतेच. त्या सहा वेळांची जबाबदारी कोणाची? वैद्यकाची हद्द येथे संपते आणि समाजव्यवस्थेची सुरू होते.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजना रुग्णालयातील उपचारांचा खर्च उचलतात. ते योग्यच आहे. पण सरकारी हिशेबात शस्त्रक्रिया ही एक घटना आहे. रुग्णाला घरी सोडले की ती पूर्ण झाली. रुग्णाच्या जीवनात ती तेथून सुरू होते. घरी परतल्यानंतरचा खर्च तो स्वतः सोसतो, आणि रोख पैशांत तो दिसत नसल्याने कोणत्याही अहवालात येत नाही. हा खर्च बहुतेक वेळा उपासाच्या रूपाने भरला जातो. बाहेर जायचे असले की माणूस जेवत नाही, पाणी पीत नाही. शौचालय मिळणार नाही हे गृहीत धरून केलेली ही तडजोड असते आणि ती त्याला महागात पडते. रिकाम्या आतड्यातही पाचक रस सुटतच राहतात, वायू वाढतो. आणि पाणी शोषून ठेवणारे आतडेच नसलेल्या शरीराला उन्हाळ्याच्या एका दिवसाचा निर्जळी प्रवास सलाइन लावण्याच्या दारापर्यंत नेऊ शकतो. नातेवाईक याला ‘सांभाळून राहणे’ म्हणतात.

पाण्याचा हिशेब तर उघड आहे. पाथर्डी, पारनेर, कर्जत, जामखेड हे तालुके अवर्षणाचे. टंचाईच्या दिवसांत टँकरने पाणी द्यायचे तर राज्याचा निकष माणशी दिवसाला २० लिटरचा. सात वेळा जाणाऱ्या माणसाने दर वेळी काटकसरीने चार-पाच लिटर वापरले, तरी पिण्याआंघोळीपूर्वीच तीस लिटर संपले. म्हणजे घरात एक जे-पाऊचचा रुग्ण असेल, तर बाकीच्यांच्या वाट्याला कात्री लागणार. आणि हंडे कोण वाहणार हे वेगळे सांगायला नको. २०१८ साली महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त घोषित झाला, तेव्हा मोजणी बांधलेल्या शौचालयांची झाली. त्यात ओतायला पाणी आहे काय, हा रकाना त्या मोजणीत महत्त्वाचा ठरला नाही.

कामाच्या जागीही हेच. ऊसतोडीची मजुरी टनावर, विडीची हजारावर. जेथे वेळेचे मोल तुकड्यांनी मोजले जाते, तेथे शौचास गेलेला प्रत्येक दहा मिनिटांचा अवधी मजुरीतून आपोआप कापला जातो; मालकाला शब्दही बोलावा लागत नाही. कारखान्यात शौचालय हवे ही तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्याने केली आणि २०२० च्या संहितेनेही ती स्वीकारली. पण उसाच्या फडाला भिंती नसतात आणि तोडणीची टोळी कोणाच्या हजेरीपटावरही नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे नोंदलेली आहेत. त्यांत आतड्याच्या विकाराला जागा नाही. पाय नसलेल्याचे दुःख दिसते, आतडे नसलेला धडधाकट दिसतो. सात वेळा उठणारा कामगार मुकादमाच्या दृष्टीने कामचुकार ठरतो.

मूठभर रुग्णांसाठी राज्याने किती करावे, असे कोणी विचारील. या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. एक तर हा दरवाजा मूठभरांचा नाही. गरोदर स्त्री, मधुमेही, म्हातारा माणूस, पाळी आलेली शाळकरी मुलगी हे सारे त्याच बंद दरवाजापुढे उभे असतात. जर्मनीत १९८६ पासून अपंगांसाठीच्या सार्वजनिक शौचालयांची एकच समान किल्ली आहे, आणि आतड्याच्या जुनाट रुग्णांनाही ती मिळते. अमेरिकेत इलिनॉय राज्याने २००५ साली कायदा करून अशा रुग्णांना दुकानातील नोकरांचे शौचालय खुले केले. दुसरे उत्तर आपल्याच देशातले आहे. मध्य प्रदेशातील रतलामच्या रहिवाशांनी उघडी गटारे आणि शौचालयांचा अभाव यांविरुद्ध नगरपालिकेला कोर्टात खेचले, तेव्हा पालिकेने तिजोरी रिकामी असल्याचे सांगितले. १९८० साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती सबब फेटाळली. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सर्व न्यायालयांच्या आवारात शौचालये उभारण्याचा आदेश देताना या सोयीचा संबंध थेट जगण्याच्या हक्काशी जोडला. आदेश न्यायालयांच्या आवारापुरता आहे, तर्क मात्र बसस्थानकालाही तितकाच लागू पडतो.

या विषयाची लाज समाजवाद्यांनी तरी बाळगू नये. स्त्रियांच्या शौचालयाला राजकीय प्रश्नाचा दर्जा देणारे लोहिया आपले. आणि याच जिल्ह्यातील पारनेरला हाती झाडू घेऊन गावाची सफाई करणारे सेनापती बापटही आपलेच. त्यांना या कामात कमीपणा वाटला नाही.

जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी आरोग्यप्रकल्प सुरू केला आणि फारसे शिक्षण नसलेल्या खेड्यातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. मीठ-साखरेचे पाणी कसे करावे, धोक्याची लक्षणे कोणती, हे ज्ञान डॉक्टरच्या कोटाच्या खिशातून चुलीपर्यंत आणता येते हे त्या स्त्रियांनी दाखवून दिले. आज गावोगावी आशा कार्यकर्त्या आहेत. आतड्याची शस्त्रक्रिया होऊन परतलेल्या रुग्णाकडे त्यांनी महिन्यातून एकदा जावे, गोळ्या व इसबगोल प्राथमिक आरोग्यकेंद्रातून मिळावे, आणि त्या घराला टँकरच्या पाण्याचा वाढीव वाटा ग्रामपंचायतीने ठरावाने द्यावा, या मागण्यांना नवा कायदा लागत नाही. तालुक्याच्या मोर्चाच्या निवेदनात त्या सहज बसतील.

आणखी एक मागणी एसटीच्या आगारांकडे करावी. नगर, सुपे, शिरूर, शिक्रापूर, वाघोली या वाटेवर शौचालय कोठे आहे, ते किती वाजेपर्यंत उघडे असते आणि कुलूप असल्यास किल्ली कोणाकडे मागायची, एवढे चार ओळींत लिहून वेळापत्रकाच्या शेजारी लावावे. आणि रुग्णाने डॉक्टरची चिठ्ठी दाखविल्यास वाहकाने त्यांतील कोणत्याही ठिकाणी गाडी पाच मिनिटे थांबवावी, अशी लेखी सूचना काढावी.