विधवांचे दुःख लिहिणारे बाबा पदमनजी



घरातला कर्ता गेला की सांत्वनाला सारा गाव लोटतो. आणि त्याच दिवशी त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडायला, कुंकू पुसायलाही त्याच गावातल्या बाया पुढे होतात. विधवांच्या अशा हालांवर पावणेदोनशे वर्षांपूर्वी मराठीत लिहिणारे बाबा पदमनजी यांची आज ओळख करून घेऊ.

बाबांचा जन्म १८३१ साली बेळगावात एका कासार कुटुंबात झाला. मिशनच्या शाळांत ते शिकले आणि १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे ते पाळक झाले. 'सत्यदीपिका' हे पत्र त्यांनी चालवले, कोश रचले, धर्मावर पुष्कळ पुस्तके लिहिली, 'अरुणोदय' हे आत्मचरित्र लिहिले. १९०६ साली ते वारले.

त्यांचे नाव आजही निघते ते १८५७ सालच्या 'यमुनापर्यटन' या पुस्तकामुळे. पुष्कळ जाणकार हिला मराठीतली पहिली कादंबरी मानतात. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, वाटेत तिला ठिकठिकाणच्या विधवा भेटतात आणि त्यांचे हाल ती डोळ्यांनी पाहते. पुढे तिच्यावरही तीच पाळी येते. पुस्तकात धर्मप्रचार आहे. तो कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. पण त्या बायांचे दुःख खोटे म्हणता येत नाही.

विधवाविवाहाचा कायदा त्याआधीच, १८५६ साली झाला होता. कुणब्या-माळ्यांत पाट लावण्याची चाल तर जुनीच. तरीही विधवेचा अपमान सरला नाही. बेळगावापासून फार लांब नसलेल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाला २०२२ साली ग्रामसभेत ठराव करावा लागला, की यापुढे बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही. त्याच वर्षी सरकारनेही इतर गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले.

कायदा झाला, पुस्तक झाले, ठरावही झाला. आता राहिले आपले घर. घरात अशी सून, भावजय असेल तर तिला हळदीकुंकवाला बोलवा, लग्नाच्या मांडवात पुढे बसवा. आणि सात-बारावर वारस म्हणून तिचे नाव लागले की नाही, तेही पाहा. नवऱ्याच्या वाट्यात तिचा हक्क आहे. ती काही तुमची मेहेरबानी नव्हे.