ती जाळी लावू नका

संपादक महोदय,

शिर्डीत लॉजच्या चादरींसाठी लॉन्ड्री काढणाऱ्यांना आपल्या एका पत्रलेखकांनी सल्ला दिला आहे: ड्रायरचा पाइप इमारतीच्या डक्टमध्ये सोडा आणि उंदरांसाठी तोंडाला बारीक जाळी बसवा. उंदरांची काळजी रास्त, बाकी सल्ला घातक. २० किलो सुती चादरी मशिनमध्ये पिळून निघाल्या तरी त्यांत ८-१० लिटर पाणी उरतं. ते वाफ होऊन, कापडाची लव सोबत घेऊन, त्याच पाइपातून जातं. जाळीवर ही ओलसर लव नमद्यासारखी बसते. हवा तुंबते, कपडे वाळत नाहीत, ड्रायर मात्र तापत राहतो. आणि सुकलेल्या लवेला पेट घ्यायला निमित्तच हवं असतं. उंदरांना आपोआप मिटणारी झडप पुरते. पाइप गुळगुळीत पत्र्याचा, कमीत कमी वळणांचा आणि उघड्यावर निघणारा हवा.

शिवाय जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यायला वाट नको? शटर ओढून गॅसचा ड्रायर चालवला, तर विषारी वायू उलटा खोलीत येऊ शकतो.

नगरकडे ऊन फुकट, ड्रायर हवाच कशाला, असंही ते पत्रलेखक विचारतात. गुरुपौर्णिमेच्या गर्दीत, आषाढाच्या झडीत त्यांनी दोरीवर चादरी वाळवून दाखवाव्यात.

– एक वाचक, राहाता