पुरवणी कोणती, तारीख कोणती?

गुळाच्या सौद्यात नुसते ‘रवा’ म्हणून भागत नाही. तो किती किलोचा हे आधी सांगावे लागते. कोल्हापूरकरांना हे शिकवावयास नको. रुग्णालय आणि विमा कंपनी यांच्या संगणकीय व्यवहारात मात्र हा साधा विवेक अद्याप रुजावयाचा आहे.

‘नॅशनल हेल्थ क्लेम्स एक्स्चेंज’ या यंत्रणेचा हेतू असा, की रुग्णालयाचा दावा एकाच ठरीव साच्यातून सर्व कंपन्यांकडे जावा. हेतू स्तुत्य आहे. परंतु कोणता रकाना अनिवार्य, कोणता कागद जोडावयाचा, याच्या सूचना प्रत्येक कंपनी आपापल्या पुरवणी पुस्तिकेतून देऊ लागली, तर जुना गोंधळ नव्या वेषात परतेल. अमेरिकेत हेच घडले. तेथे १९९६ च्या ‘हिपा’ कायद्याने प्रमाणित साच्यांचा पाया घातला. पुरवणीने मूळ प्रमाणाचा अर्थ बदलता कामा नये, असा दंडक होता. तरीही ‘कंपॅनियन गाइड’ नामक पुरवण्यांचे अमाप पीक आले आणि अखेर त्यांच्या मांडणीचाही नमुना ठरवावा लागला. १ जानेवारी २०१२ पासून मूळ साच्याचीच आवृत्ती बदलली, तेव्हा जुन्या पुरवण्याही कालबाह्य झाल्या.

आपल्याकडील बदलांचा वेगही कमी नाही. २०१२ साली सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी योजनेस २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. उपचारांची यादी ९७१ वरून ९९६ वर आणि २०२३ च्या निर्णयाने १३५६ वर गेली. अशा वेळी कारकुनापुढील सूचना कोणत्या तारखेची, हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही. रुग्णास घरी सोडताना तीन तासांत अंतिम मंजुरी द्यावी, असे विमा नियामकाने २०२४ मध्ये बजावले आहे. पण रद्द झालेल्या सूचनेप्रमाणे भरलेला दावा त्रुटी दाखवून परत आला, तर चंदगडहून आलेले नातेवाईक बिलाच्या खिडकीपाशीच ताटकळणार.

म्हणून प्रत्येक पुरवणीच्या नावातच कंपनी, व्यवहाराचा प्रकार, मूळ साच्याची आवृत्ती आणि अंमलाची तारीख असावी. जुनी पुरवणी नष्ट करू नये. मार्चमधील दाव्याचा निवाडा मार्चच्या पुरवणीनेच व्हावयास हवा. ही नोंदवही कंपन्यांच्या नव्हे, एक्स्चेंजच्या ताब्यात हवी. कारण पुरवणी सैल ठेवण्यात सोय कंपनीची असते आणि खर्च दुसऱ्याच्या माथी पडतो. मोठी रुग्णालये त्यासाठी स्वतंत्र विभाग नेमतील. गडहिंग्लजसारख्या ठिकाणी एकाच कारकुनावर चालणाऱ्या रुग्णालयाला रुग्णाकडून आगाऊ रोख मागण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.