हिमनदीसमोर उभयतां

एकत्र कुटुंबांत पति-पत्नींस निवांतपणें चार शब्द बोलावयास सांपडत नाहींत, हें वाचकभगिनींस सांगावयास नकोच. ४० वर्षांच्या संसारांत आमचें संभाषण बहुधा किराण्याच्या यादीविषयींच झालें. म्हणून चिरंजीवांनीं आम्हां उभयतांस ७ दिवसांच्या अलास्काच्या जलपर्यटनास धाडलें, तेव्हां धास्ती वाटली ती समुद्राची नव्हे, जहाजावरील त्या लहानशा खोलीची!

जहाजाचें वर्णन करीत नाहीं; पक्वान्नांचें कौतुक कंपनीच्या पत्रकांत भरपूर असतें. सांगण्याजोगी आहे ती ‘ग्लेशियर बे’. १७९४ सालीं कॅप्टन व्हँकुव्हरच्या खलाशांस तेथें खाडी अशी दिसलीच नाहीं. हिमाचा तट तेवढा दिसला. तें हिम पुढें सुमारें १०० किलोमीटर मागें हटलें. आज राष्ट्रीय उद्यानाचे रक्षक जहाजावर चढून ही हकीकत सांगतात. मार्जरी हिमनदीसमोर जहाज थबकलें. दाट बर्फ तांबडा प्रकाश शोषून घेतो, म्हणून तो कडा निळा दिसत होता. इतक्यांत त्याचा एक भाग ढासळला. गडगडाट मागाहून आला.

“अहो, आवाज पोहोंचावयास चार सेकंद लागले. म्हणजे कडा पाऊण मैल तरी दूर नव्हे का?” सौभाग्यवती म्हणाली.

मी चकित होऊन पाहूं लागलों.

“माहेरीं शाळेंत भूगोलांत माझा पहिला नंबर असे,” ती म्हणाली, “पुढें कोणीं विचारलें नाहीं.”

सायंकाळीं तिनें रक्षकाकडून नकाशा मागून आणला. उरलेले दिवस तो आमच्या खोलींत पसरलेलाच होता.