विजयी राजाचे वाहन

आज विजयादशमी. सायंकाळी हिंगोलीच्या रामलीला मैदानावर रावण जळेल, घरोघरी आपट्याचे सोने वाटले जाईल. आमच्या शिरड शहापुरात मात्र विजयाचा आणखी एक अर्थ नित्य डोळ्यांसमोर उभा असतो. भगवान मल्लिनाथांचे येथील दिगंबर जैन क्षेत्र सर्वश्रुत आहे. 'विजय' ज्या 'जि' धातूपासून झाला, त्याच धातूचा 'जिन'. जिंकणारा तो जिन. हाती शस्त्र नाही, अंगावर वस्त्रही नाही, तरी जेता!

हाच प्रश्न ख्रिस्ती शास्त्रासही पडलेला आहे. दसऱ्याच्या पानावर परधर्माच्या ग्रंथाची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. विजय म्हणजे काय, हे दुसऱ्याने कसे सांगितले ते ऐकण्यास याहून योग्य दिवस आम्हांस दिसत नाही.

नव्या करारात येशू राजा म्हणून यरुशलेमेत प्रवेश करतो. लोक वाटेवर वस्त्रे अंथरतात, झाडांच्या डहाळ्या पसरतात, जयघोष करतात. सारे काही राजाच्या मिरवणुकीसारखे; वाहन तेवढे गाढवाचे शिंगरू. आपल्याकडे गाढवावरून धिंड निघते, म्हणून हे ऐकून श्रोत्यांस हसू येते. (गंगोदकाची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिती करणाऱ्या नाथांना मात्र हसू आले नसते.) मर्म असे की, त्या देशी घोडा हे युद्धाचे वाहन. जखऱ्या संदेष्ट्याने फार पूर्वीच सांगून ठेवले होते की, येणारा राजा नम्रपणे गाढवावर बसून येईल आणि रथ, घोडे व युद्धधनुष्य नाहीसे होईल. पुढे त्याच राजाच्या मस्तकी काट्यांचा मुकुट चढतो आणि 'यहूद्यांचा राजा' ही बिरुदावली वधस्तंभावर लावली जाते. पाटी लावणाऱ्यांनी ती थट्टेने लावली. भक्तांनी ती खरी मानली.

प्रकटीकरण या अखेरच्या ग्रंथातील एक प्रसंग आम्हांस या सर्वांत थोर वाटतो. यहूदा वंशाचा सिंह विजयी झाला आहे, असे द्रष्ट्या योहानाच्या कानी पडते. तो वळून पाहतो, तो समोर सिंह नाहीच. वधलेले कोकरू उभे आहे! कानांनी सिंह ऐकावा आणि डोळ्यांनी कोकरू पाहावे, यातच त्या शास्त्राचा विजयविचार सामावला आहे.

आता कटू गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. गाढवावरून आलेल्या या राजाचा ध्वज पुढे घोडेस्वारांनी खांद्यावर घेतला. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा जिंकला. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा त्याच शतकात अंत्रुज महालात गेली. ज्या घरांचे हे कुलदैवत, त्यांना कोकराची गोष्ट गोड लागेल कशी? तरीही त्याच साष्टीत, राचोल येथे, १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले, आणि एका इंग्रज जेजुइटाने मराठीवर केलेले प्रेम त्यात पानोपानी दिसते. ग्रंथ आणि त्याच्या नावाने चाललेले राज्य, ही दोन पारडी वेगळी ठेवूनच तोलली पाहिजेत.

हा तोल रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ओळखला, असे आमचे मत आहे. ख्रिस्तकथेला त्यांनी आपल्या कीर्तनाचा साज चढविला, आणि १९१७ साली मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापिला. नाव राजाला शोभेसे, परंतु बाप्तिस्मा घेतलेला व न घेतलेला, दोघांसही तेथे स्थान होते. १९१९ साली ते निवर्तले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले.

आजच्या सणाला अगदी लागून असलेले एक साम्य सांगतो. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात, बेड्यांत पडलेला पौल भक्ताची शस्त्रसामग्री वर्णन करतो: सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचे उरस्त्राण, विश्वासाची ढाल, आणि तलवार म्हणजे देवाचे वचन. आपले झुंजणे रक्तामांसाच्या माणसांशी नाही, हेही तो बजावतो. आता तुलसीदासांच्या रामचरितमानसातील लंकाकांड आठवावे. रावण रथी आणि राम पायी, हे पाहून बिभीषण व्याकुळ होतो. तेव्हा श्रीराम धर्मरथाचे वर्णन करतात: शौर्य व धैर्य ही चाके, सत्य व शील हे ध्वज, वैराग्याची ढाल, संतोषाची तलवार. ज्याच्यापाशी हा रथ, त्याला जिंकावयास शत्रूच उरत नाही.

साम्य येथवरचे. धर्मरथ वर्णून झाल्यावर श्रीरामांनी धनुष्यही उचलले व रावण मारिला. गेथशेमनेच्या बागेत येशूने पेत्राची उपसलेली तलवार म्यान करविली आणि तो स्वतः बांधला गेला. आम्ही कीर्तनात हा भेद मिटवीत नाही. श्रोत्यांपुढे तसाच ठेवतो.