इथेनॉल पंपावर आले, ठिणगीचे काय?

इथेनॉलवर धावणारी देशातली पहिली बस 2014 मध्ये नागपूरच्या रस्त्यावर आली. स्वीडनच्या स्कॅनिया कंपनीच्या त्या बसचे इंजिन 95 टक्के इथेनॉल असलेल्या इंधनासाठीच घडवलेले होते. डिझेल इंजिनासारखे ते ठिणगीविना पेटायचे आणि त्यासाठी त्याचे कॉम्प्रेशन 28 ला 1 इतके वाढवलेले होते. आधी इंधन ठरले, मग त्याच्या मापाने इंजिन घडले. पेट्रोल गाड्यांच्या बाबतीत मात्र उलटे झाले. 20 टक्के इथेनॉलचे ई-20 फेब्रुवारी 2023 मध्ये विक्रीला आले, 2025 पर्यंत ते देशभरातल्या पंपांवर पोचले, आणि रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांची जुळणी जुन्या इंधनाचीच राहिली. यावरचा वाद अजून रबरी नळ्या, गंज आणि ॲव्हरेज यांच्याभोवतीच फिरतो आहे. माझ्या मते, निदान टर्बो गाड्यांपुरता तरी, कळीचा प्रश्न ठिणगीच्या टायमिंगचा आहे, आणि तो सोडवणे हे गाडी बनवणाऱ्या कंपन्यांचे काम आहे.

ठिणगी पडल्याबरोबर सगळे इंधन जळत नाही. ज्वाला पसरायला वेळ लागतो. म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी टाकावी लागते. तसे केले तर पिस्टन खाली वळून क्रँक साधारण 15 अंश फिरतो तेव्हा दाब सर्वाधिक असतो आणि त्यातून जास्तीत जास्त काम मिळते. इंजिन 3000 आरपीएमवर असताना क्रँक एका मिलिसेकंदात 18 अंश फिरतो, म्हणजे टायमिंगमधला एक अंश हा सेकंदाचा अठरा हजारावा भाग ठरतो. टर्बो गाडीत हा हिशेब आणखी नाजूक होतो. टर्बो हवा दाबून भरतो आणि दाबलेली हवा तापते. इंटरकूलर ती थंड करतो खरा, पण बाहेरची हवाच 45 अंशांची असेल तर तो तरी किती करणार? तापलेले मिश्रण ज्वाला पोचण्याआधीच कोपऱ्यात आपोआप पेटते आणि इंजिन नॉक करू लागते. सिलिंडरच्या ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर तो हादरा टिपतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी काही अंश उशिरा टाकतो. इंजिन वाचते, पण उशिरा जळालेल्या इंधनाची उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी सायलेन्सरच्या वाटेने निघून जाते. टर्बाइन फार तापले तर ते थंड ठेवायला ईसीयूला जादा पेट्रोलही फवारावे लागते. मे महिन्यात नागपूरहून समृद्धी महामार्गाला लागून, एसी लावून, भरलेल्या गाडीने ताशी 120 ची मर्यादा गाठणाऱ्या एक लिटरच्या छोट्या टर्बो इंजिनाची ही रोजची परीक्षा आहे.

आणि नेमक्या याच ठिकाणी इथेनॉल कामाला येते. आपल्या जुन्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखण्याची क्षमता, 91 होता, ई-20 चा 95 आहे. शिवाय इथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते, त्यामुळे सिलिंडरमधले मिश्रण थंड राहते. नॉकिंग लांबले की ठिणगी पुन्हा तिच्या योग्य जागी, म्हणजे लवकर, टाकता येते. ब्राझीलमध्ये फोक्सवॅगनचे एक लिटरचे टर्बो इंजिन तिथल्या पेट्रोलवर 116 आणि शुद्ध इथेनॉलवर 128 अश्वशक्ती देते. त्याच घराण्यातले इंजिन भारतात व्हर्टस आणि टायगुनमध्ये 115 वर थांबते. ब्राझीलच्या गाडीचा ईसीयू टाकीत काय आहे ते ओळखतो आणि इंधन, दाब, ठिणगी त्यानुसार बदलतो. आपल्याकडे हे ओळखण्याची सोयच बहुतेक गाड्यांत नाही.

ही उणीव धोरणातच लिहिलेली होती. नीती आयोगाच्या जून 2021 च्या आराखड्यानुसार एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांचे सुटे भाग ई-20 ला टिकणारे, पण इंजिनाचे ट्यूनिंग ई-10 चे असायचे होते. ई-20 चे ट्यूनिंग एप्रिल 2025 पासून. म्हणजे मधल्या दोन वर्षांच्या गाड्यांना ई-20 चा त्रास होणार नाही याची काळजी घेतली गेली, त्याचा फायदा व्हावा याची नाही. मूळ बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई-10 ला जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज 6 ते 7 टक्के घटेल, तर ई-10 साठी बनून ई-20 ला जुळवलेल्यांचे 1 ते 2 टक्केच, असा अंदाज त्याच आराखड्यात आहे. ट्यूनिंग सुधारले तर घट आणखी कमी होते हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट 2025 मध्ये सांगितले. तसे असेल तर विकून झालेल्या टर्बो गाड्यांसाठी ई-20 चे कॅलिब्रेशन सर्व्हिसिंगच्या वेळी मोफत का मिळू नये? त्यात एकही सुटा भाग बदलायचा नाही, ईसीयूतले आकडे बदलायचे आहेत.

नॉक सेन्सर हे आपोआप करतोच की, असे यावर सांगितले जाईल. ते अर्धेच खरे आहे. सेन्सरचे मुख्य काम ठिणगी मागे ओढणे आहे. धोका टळला की ईसीयू ती पुढे आणतो, पण सहसा कंपनीने कोष्टकात आखलेल्या रेषेपर्यंतच. ती रेषा 91 ऑक्टेन धरून आखली असेल तर 95 चे इंधन भरूनही गाडी तिच्या फारशी पुढे जात नाही. काही कंपन्यांनी वर जागा ठेवलेली असते. तसे असेल तर त्यांनी ग्राहकाला तसे लेखी सांगावे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, आणि टायमिंगने ती वाढत नाही. हे मान्यच करायला हवे. शहरात, सिग्नल ते सिग्नल हळू चालवताना इंजिनावर भार कमी असतो, ठिणगी आधीच योग्य जागी पडत असते, आणि तिथे ऑक्टेनचा उपयोग नगण्य. फायदा भाराखाली, चढावर, उन्हाळ्यातल्या महामार्गावर आहे. पण टर्बो गाडी लोक घेतात ती त्याचसाठी, आणि इंजिनावर सर्वाधिक ताणही तिथेच येतो.

नवे कॅलिब्रेशन म्हणजे प्रदूषणाची नवी चाचणी आणि खर्च, हे कंपन्यांचे म्हणणे बिनबुडाचे नाही. तरी एप्रिल 2025 नंतरच्या गाड्यांसाठी हेच काम त्यांना करावेच लागले आहे, आणि त्यातली कित्येक इंजिने आधीच्याच गाड्यांतली आहेत. गाड्यांची चाचणी घेणाऱ्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून एका इंजिनाची मंजुरी घेतली की ती त्या मॉडेलच्या हजारो गाड्यांना लागू करता येईल. हे झाले नाही तर ग्राहक खासगी ट्यूनरकडे रिमॅप करायला, म्हणजे ईसीयूतले आकडे बदलून घ्यायला, जाणार. तिथे ठिणगी दोन अंश जास्त पुढे गेली आणि कुठल्या पंपावर इथेनॉलचे प्रमाण कमी भरले, तर भर उन्हात पिस्टनची कड तुटू शकते. वॉरंटी जाते ती वेगळीच, शिवाय गाडीतल्या बदलांवर बंधने घालणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा प्रश्न उभा राहतो. इथेनॉलचे सर्वांत आग्रही पुरस्कर्ते नितीन गडकरी नागपूरचे खासदार आहेत आणि केंद्रात रस्ते वाहतूक खातेही त्यांच्याकडेच आहे. एप्रिल 2023 ते मार्च 2025 या काळातल्या प्रत्येक टर्बो पेट्रोल मॉडेलचे ट्यूनिंग कोणत्या इंधनाचे आहे आणि ई-20 चे कॅलिब्रेशन कधी मिळेल, हे कंपन्यांनी जाहीर करावे, असा आदेश त्यांच्या खात्याने पुढच्या उन्हाळ्याआधी काढायला हवा.